प्लॅटिनमची तार

३ मार्च, सोमवार

“आमचा रेणू” म्हणे! तीन वर्षं गंधकाच्या घाणीत नाक बुडवून तो बनवला मी, आणि आज लॅबमध्ये मोठ्या सरांच्या खोलीत नवरा छाती काढून सांगतोय — “सर, आमच्या रेणूनं शनिवारी कमाल केली.” मी शेजारीच उभी होते, हातात फाइल धरून. फाइल धरायला तरी ठेवलं हे उपकारच म्हणायचे.

मोठे सर खुर्चीतून अर्धे उठले. एरवी हा माणूस मंत्री आला तरी उठणार नाही. ह्याला म्हणाले, “जिंकलास तू, हिरो.” मला म्हणाले, “तुम्ही अजून थोडा बनवून ठेवा.” त्याला तू, मला तुम्ही. एवढा आदर मागितलाय कुणी?

घरी आले तर सासूबाई नाकाला पदर लावून. “आज परत केसांना तो वास. गॅस गळतोय की काय म्हणून मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले.” गंधकाचा आहे आई, धुऊन जात नाही, म्हटलं. “एवढा वास मारून घेताय दोघं, तर निदान नोकरी तरी पक्की करून घ्या.”

काय चुकलं त्यांचं?

४ मार्च

सकाळी भाजी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, “नक्की करता तरी काय तुम्ही? शेजारीण विचारत होती, मला धड सांगता येईना.”

म्हटलं, सांगते. काही जिवाणूंच्या अंगात एक प्रथिन असतं, एन्झाइम. पाण्यात आम्ल असलं की त्यातून ते हायड्रोजन काढतं, अगदी सहज. माणसाला हेच नीट करायचं तर प्लॅटिनम लागतं आणि ते कुणाला परवडतं? जिवाणू मात्र साध्या लोखंडावर भागवतो. मधोमध लोखंडाचे दोन अणू, त्यांना धरून गंधकाचे दोन, आणि वर नायट्रोजनचा एक हात. तो हात येणारा प्रोटॉन उचलून लोखंडाच्या पुढ्यात ठेवतो. अख्खं प्रथिन बनवणं आपल्या बापाच्यानं होत नाही. म्हणून नुसता तो मधला गाभा बनवायचा, आणि तो एकटा तेच काम करतो का ते बघायचं.

“म्हणजे नक्कल.”

“नक्कलच, आई. मी बनवते, तो मोजतो.”

“मग जमते का?”

शनिवारी जमली, असं तो म्हणतो. हे बोलताना मलाच कसंतरी वाटलं. का ते कळेना.

७ मार्च, शुक्रवार

ठरलं. अठ्ठावीस तारखेला ह्याचं भाषण. दुसऱ्या संस्थेत एक कायमची जागा आहे आणि हा शेवटच्या तिघांत आलाय. आमचे दोघांचेही करार जूनमध्ये संपतात. सर पुढे वाढवणार नाहीत, तसं स्पष्टच सांगितलंय. म्हणजे जे काही आहे ते अठ्ठावीसला.

भाषणाचा कणा काय, तर माझा रेणू. भाषण कोण देणार — नवरा! मी अर्ज का केला नाही? “एका घरातून दोन अर्ज बरे दिसत नाहीत,” असं सर म्हणाले होते म्हणून. आज वर म्हणतात, “त्याला जागा मिळाली की तुम्ही त्याच्या लॅबमध्ये येऊ शकताच.” येऊ शकतेच! पाटपाणी घ्यायला बोलावल्यासारखं.

रात्री ह्याला बोलले. तो म्हणाला, “रेणू तुझा आहे हे पहिल्याच स्लाइडवर लिहितो.” लिही म्हटलं, शेवटच्या रांगेला चष्म्याशिवाय दिसेल एवढं लिही.

८ मार्च

ग्लोव्हबॉक्सचा, म्हणजे हवाबंद पेटीत हात घालायचा, उजवा हातमोजा फाटला. हवा आत. आठवडाभर बनवलेला माझा लाल रेणू सगळा तपकिरी झाला, म्हणजे वाया. कुणालाच शिव्या घालता येईनात म्हणून हातमोज्याला घातल्या.

१० मार्च, सोमवार

त्याचे ग्राफ आज पहिल्यांदा नीट बघितले. आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय.

करंट वाढतोय! करंट जास्त म्हणजे हायड्रोजन जास्त. वीज सोडायच्या पहिल्या फेरीत थोडा. मग प्रत्येक फेरीला आणखी. दुपारपर्यंत दसपट. अरे, दिवसभर राबून संध्याकाळी जास्त ताजातवाना होणारा गडी दाखव मला एक! माझा रेणू नाजूक आहे. आम्लात त्यानं थकायला हवं, मरायला हवं, फार तर तग धरायला हवा. हा वाढतो कसा?

विचारलं. “त्याला जागं व्हायला वेळ लागतो,” म्हणाला.

“रेणू आहे तो, तुझा मामा नाही.”

हसला. मीही हसले, पण मला हसू आलं नव्हतं.

११ मार्च

आज नवा पुरावा घेऊन आला. दिवसभर चालवल्यावरही द्रावण लालच आहे, इन्फ्रारेडच्या आलेखात रेणूची सगळी शिखरं जागच्या जागी. “म्हणजे तुझा रेणू जिवंत आहे. मग काम कोण करतंय? तोच ना?”

म्हटलं, जिवंत आहे म्हणजे काम करतो असं थोडंच आहे? मोठे सरही जिवंत आहेत.

ह्यावर मात्र तो मनापासून हसला. असा हसला की मला राग धरून ठेवणं अवघड जातं. ह्या माणसाच्या ह्याच हसण्यावर भाळले मी.

१४ मार्च, शुक्रवार

कळलं. देवा, कळलं मला!

त्याच्या टेबलापाशी पेन शोधायला गेले आणि भांडं दिसलं. त्या काचेच्या भांड्यात तीन गोष्टी बुडवतात. एक कार्बनची चकती, तिच्यावर माझ्या रेणूनं काम करायचं. एक मोजमापाला संदर्भ म्हणून. आणि समोर काउंटर, म्हणजे वीज फिरून यायला दुसरं टोक. आमच्याकडे काउंटर म्हणजे प्लॅटिनमची तार. ती वेगळ्या नळीत ठेवायची असते, खाली सच्छिद्र काच असलेल्या. का, तर तिचं काही इकडे येऊ नये म्हणून. ती नळी फुटली मागच्या महिन्यात. काचकाम करणारा माणूस रजेवर. आणि ह्यानं काय केलं? तार तशीच उघडी बुडवली. माझ्या रेणूच्या शेजारी. आम्लात. दिवसभर!

तार झिजते. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी झिजेना का. झिजलेलं पाण्यातून येतं आणि चकतीवर बसतं. डोळ्याला दिसत नाही. आणि हायड्रोजन काढण्यात प्लॅटिनमचा हात धरणारं कुणी नाही. जेवढा वेळ चालवाल तेवढं जास्त बसणार. म्हणून करंट वाढतोय! रेणू जागा-बिगा काही होत नाहीये. तो बिचारा पाण्यात लाल होऊन बघत बसलाय आणि काम करतंय प्लॅटिनम. आयत्या बिळावर नागोबा.

प्लॅटिनमला सुट्टी द्यायची म्हणून हा सगळा खटाटोप! लोखंडानं भागवायचं म्हणून माझी तीन वर्षं! आणि शेवटी तेच घुसलं, मागच्या दारानं.

घरी काही बोलले नाही. आधी खात्री करते. परवा रविवार आहे, लॅब रिकामी असते.

१६ मार्च, रविवार

सकाळीच गेले. सासूबाईंना सांगितलं, ग्लोव्हबॉक्स बघून येते. “सुट्टीच्या दिवशी पण?” म्हणाल्या. तो झोपला होता.

त्यानं शुक्रवारी वापरलेली चकती तशीच होती. खळखळून धुतली. स्वच्छ भांडं, नुसतं आम्ल, माझ्या रेणूचा थेंबही नाही. चालवलं. करंट उभाच्या उभा! तेवढाच. रेणू नाही आणि करंट आहे. आता ह्याला कुणी काय नाव द्यायचं ते द्यावं.

मग दुसरी चकती घासून पुसून आरशासारखी केली. तार काढून टाकली आणि समोर कार्बनचा दांडा लावला. आता ह्यात प्लॅटिनम येईल कुठून? माझा रेणू घातला. चालवलं.

एवढासा करंट. अगदी एवढासा. पण आहे! दुपारपर्यंत तेवढाच राहिला, वाढला नाही, फारसा पडलाही नाही. माझ्या पोराचं हे खरं बळ. थोडं करतो, पण स्वतः करतो. मी स्टुलावर बसून रडले. आनंदानं की रागानं, ते आता लिहितानाही ठरत नाहीये.

संध्याकाळी ह्याला गच्चीत नेलं आणि सांगितलं. तो वाळत घातलेल्या चादरीच्या कडा सरळ करायला लागला. माझी समजूत अशी की माणूस असं ऐकल्यावर म्हणतो, ‘चल, परत बघू.’ हा म्हणाला, “अठ्ठावीसपर्यंत थांब. प्लीज. नंतर आपण सगळं नीट करू.”

“नंतर म्हणजे खोटं बोलून जागा मिळाल्यावर?”

“खोटं नाही. तेव्हा जे मोजलं तेच दाखवणार.”

“आता माहीत झालंय तुला!”

“तू सांगितलं नसतंस तर झालं नसतं.”

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझाच गुन्हा! ओरडले. इतकी ओरडले की खाली सासूबाईंनी टीव्ही मोठा केला.

१७ मार्च

बोलणं बंद. मीठसुद्धा सासूबाईंच्या मार्फत.

१९ मार्च, बुधवार

मोठ्या सरांकडे गेले. दोन्ही ग्राफ टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, बघितले, चष्मा काढला. त्यांना एका नजरेत कळलं, हे मी शपथेवर सांगते. कळलं आणि त्यांनी ग्राफ पालथे घातले.

“हिरोला माहीत आहे?”

“आहे.”

“मग मला कशाला सांगताय? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“सर, मूठ उघडी पडली तर?”

“तुमच्याच नवऱ्याच्या पायावर धोंडा पडेल. आणि तो उचलून तुम्ही टाकलेला असेल.” मग आवाज मऊ करून, “हे बघा बाई, शंका शास्त्रात कायमच असतात. आधी जागा, मग शंका.”

म्हटलं, सर, ही शंका नाही, ही तार आहे.

ग्राफ उचलून बाहेर आले. चोर तर चोर आणि वर मलाच शहाणपण शिकवतोय. ह्या माणसाला मी सात वर्षं ‘सर’ म्हणत आले!

२१ मार्च, शुक्रवार

सासूबाईंनी आज धरलंच. कपड्यांच्या घड्या करत होतो दोघी. “काय चाललंय ते सांगणार आहेस, की मी टीव्हीच मोठा करत राहू?”

सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं: तुमच्या मुलानं जे माझ्या रेणूचं म्हणून दाखवलं ते दुसऱ्याचं आहे.

“मुद्दाम केलं?”

“नाही. करताना नाही.”

“आता?”

“आता मुद्दाम.”

त्यांनी घातलेली घडी मोडून परत घातली. मग म्हणाल्या, “ह्याचे वडील उभ्या जन्मात कायम झाले नाहीत. दरवर्षी मार्च आला की त्यांची भूक जायची. मला म्हणायचे, ह्या खेपेला करतील. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे.” आणि थोड्या वेळानं, “पण तू म्हणतेस तेही खरंच असणार. तू उगाच बोलणारी नाहीस. आता मी कुणाची बाजू घेऊ, सांग बरं.”

मला त्यांचाही राग आला. माझीच घ्या, असं म्हणता आलं नाही ह्याचा जास्त.

२४ मार्च, सोमवार

आत दार लावून ह्याचा भाषणाचा सराव चाललाय. कपाटाच्या आरशासमोर. “आणि आता हा ग्राफ.” मग मुद्दाम थांबायचं, लोकांनी आ वासायला वेळ द्यायचा. तोच ग्राफ! दार ढकलून आत गेले.

“लाज वाटत नाही तुला?”

“तुझ्याच रेणूला मोठं केलं ना मी? दसपट मोठं?”

“मोठं नाही केलंस, खोटं केलंस. उद्या कुणीतरी दुसरीकडे माझा रेणू बनवेल, तीन वर्षं घालवेल, मोजेल आणि त्याला एवढासाच करंट मिळेल. तो म्हणेल, ही बाई खोटारडी. मी! तू नाही, मी! कारण पहिल्याच स्लाइडवर तू मोठ्या अक्षरात माझं नाव घातलंयस!”

तो पलंगावर बसला. त्याच्या बनियनला भोक पडलेलं मला तेव्हा दिसलं, खांद्यापाशी. असल्या वेळी असलंच काहीतरी दिसतं.

“जूनमध्ये काय करायचं?” त्यानं विचारलं. भांडायला म्हणून नाही, खरंच विचारलं. “आईला घेऊन कुठं जायचं?”

उत्तर नसलं की मी आणखी ओरडते.

२५ मार्च

त्या रविवारच्या कार्बनच्या दांड्याचे आकडे मागितले त्यानं. कशाला, विचारलं. “बघायचेत,” म्हणाला. मला काय कळत नाही? कुणी प्रश्न विचारलाच तर निसटायच्या वाटा शोधून ठेवतोय. पाठवून दिले. खाली लिहिलं, “घे, पुरून टाक.”

२६ मार्च

सासूबाईंनी त्याचा सदरा इस्त्री केला. कॉलर तीन-तीनदा. मी बघत बसले. मला चहा हवा का, असंही कुणी विचारलं नाही. बरोबर आहे, भांडकुदळ बाईला चहा कोण विचारतो?

२७ मार्च, गुरुवार

उद्या.

मी जाणार आहे. मागच्या रांगेत बसणार. आपणहून तोंड उघडणार नाही, तेवढं मी स्वतःशी ठरवलंय. त्याचं भाषण आहे, त्यानं द्यावं. पण कुणी एकानं, एका तरी शहाण्या माणसानं विचारलं की काउंटर कशाचा होता, आणि हा कार्बन म्हणाला, तर मी उभी राहणार. सगळ्यांसमोर सांगणार, प्लॅटिनमचा. मग नवरा असो नाहीतर नवऱ्याचा बाप. जागा जाईल. जाऊ दे! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? जूनचं जूनमध्ये बघू. घर गेलं तर गेलं, नवराही गेला तर गेला, पण माझ्या रेणूच्या नावावर खोटं जमा होऊ देणार नाही.

तो शेजारी झोपलाय. म्हणजे झोपलेला नाही, मला कळतं. मीही विचारणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

विचारलं. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी. “काउंटर कशाचा होता?”

त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला. मग त्यानं मागे माझ्याकडे पाहिलं, आणि मला लख्ख कळलं की हा आता खरं सांगणार आहे. त्याचे ओठ उघडले होते, आणि मला जून दिसला, सासूबाईंनी तीन-तीनदा इस्त्री केलेली कॉलर दिसली. मी उभी राहिले आणि म्हणाले, “कार्बनचा. मी स्वतः तपासलंय.”

बाई मान डोलावून खाली बसल्या. त्यानं पुढची स्लाइड दाखवलीच नाही. आभार मानले आणि संपवलं. टाळ्या झाल्या.

ती स्लाइड टॅक्सीत दाखवली त्यानं. दोन रेघा शेजारी शेजारी — एक प्लॅटिनमची, एक कार्बनची. वर लिहिलं होतं, ‘आमची चूक आणि ती पकडणारी’. पुढे माझं नाव. मग लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला.

दारातच सासूबाईंनी विचारलं, “कसं झालं रे?”

तो चपला काढत म्हणाला, “हिला विचार.”